सगळ्या वॉर्डची नाडी अठ्ठ्याहत्तर

आमच्या वॉर्डात औषधांचा एक फ्रीज होता. त्यात इन्शुलिन असायचं, धनुर्वाताची इंजेक्शनं असायची आणि महिन्यातून दोनदा इन्चार्जबाईंचा केसांचा कलप असायचा. चिनी मातीच्या वाटीत कालवलेला, वर बशी झाकलेली. डॉक्टरांचा राउंड संपला की इन्चार्जबाई तपासणीच्या टेबलावर आडव्या व्हायच्या, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवायच्या आणि वॉर्डातल्या मावशी त्यांना कलप लावायला घ्यायच्या. कुणा नातेवाइकाने पडद्याआडून डोकावलं तर मावशी गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "आत येऊ नका, केस सीरियस आहे."

कुणाला त्यात काही वाटायचं नाही. मलाही नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. सगळ्या मला धाकटी म्हणायच्या.

मग एक नव्या सिस्टर बदली होऊन आल्या. तिशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, पायांत पुरुषी बूट. गणवेशाला खळ इतकी, की वाकल्या की कागद चुरगाळल्यासारखा आवाज व्हायचा. पहिल्याच सकाळी त्यांनी फ्रीज उघडला.

"हे कुठल्या पेशंटचं?"

"इन्चार्जबाईंचं," मी म्हणाले.

"कितव्या बेडवर आहेत त्या?"

मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात लपवलं. त्यांनी ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरून सगळ्यात लांब चिमटा उचलला, वाटीची कड त्यात धरली, खाली ट्रेचा आधार दिला आणि ऑपरेशनमध्ये कापून काढलेला अवयव न्यावा तशी ती वाटी वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन घाण बोळ्यांच्या बादलीत सोडली. अठ्ठावीस बेडवरच्या बायका माना वळवून बघत होत्या. दुपारच्या चहापर्यंत त्यांचं नाव पडलं होतं. चिमटा सिस्टर. ते त्यांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार?

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या वॉर्डात मला खरूज म्हणायचे."

लोकांना वाटतं, अशी माणसं कुठल्यातरी सत्यवचनी घरात जन्माला येतात. त्यांचं तसं काही नव्हतं. वडिलांचं रद्दीचं दुकान होतं आणि काटा मारण्यात त्यांचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. नऊ वर्षांच्या असताना चिमटा सिस्टरनी भर दुकानात एका म्हातारीला सांगितलं, "आजी, वजनांच्या पारड्याखाली लोहचुंबक आहे." वडिलांनी कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी त्या परत दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागल्या. हे मला त्यांनीच सांगितलं, एकदा ड्रेसिंगच्या पट्ट्यांच्या घड्या घालता घालता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, आईने मला मामाकडे पाठवलं. म्हणाली, हिच्या तोंडापायी चूल बंद पडेल."

मामा एका हॉस्पिटलात लिफ्ट चालवायचे. शाळा सुटली की ही मुलगी लिफ्टमधल्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची, खाली-वर, खाली-वर. "चौथ्या मजल्यावर नर्सिंगचं ऑफिस होतं," त्या म्हणाल्या. "एक दिवस तिथं उतरले, ती उतरलेच."

आता आमच्या वॉर्डात काय चालायचं ते सांगते. बायकांचा सर्जरीचा वॉर्ड, अठ्ठावीस बेड, दिवसाच्या ड्यूटीला आम्ही तिघी किंवा चौघी. दर चार तासांनी प्रत्येकीचा ताप, नाडी, श्वास आणि बीपी घेऊन चार्टवर लिहायचं, असा नियम. माझ्या पहिल्याच आठवड्यात इन्चार्जबाईंनी मला चार्टांचा गठ्ठा देऊन पंख्याखाली बसवलं. सकाळचे नऊ वाजले होते.

"दुपारी चारपर्यंतचं लिहून टाक," त्या म्हणाल्या.

"पण चार अजून वाजले कुठेत?"

"वाजतील की. कधी वाजले नाहीत असं झालंय?"

"आणि थर्मामीटर?"

"थर्मामीटर फुटतात गं. आकडे फुटत नाहीत."

मी लिहिलं. ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास अठरा. मध्येच एखादीला ऐंशी द्यायची, म्हणजे खरं वाटतं, हेही मला शिकवण्यात आलं. कंटाळा आला की तेवढेही कष्ट घ्यायचे नाहीत. सगळ्या वॉर्डची नाडी अठ्ठ्याहत्तर. सत्तरीची म्हातारी असो की सतरा वर्षांची मुलगी, आमच्या चार्टवर सगळ्यांची हृदयं कवायतीला उभी राहिल्यासारखी एका ठेक्यात धडधडायची. एकदा तर सकाळी अकराला घरी गेलेल्या बाईचा संध्याकाळचा ताप माझ्या अक्षरात लिहिलेला निघाला. खाली शेरा होता, "पेशंट आरामात."

चिमटा सिस्टरनी तो चार्ट वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असेलही. घरीच आहे ना ती."

त्या स्वतः मात्र थर्मामीटरचा पेला आणि घड्याळ घेऊन बेड-बेड फिरायच्या. त्यांच्या वाट्याच्या चार्टांवर नाड्या एकसष्ट निघायच्या, एकशे चार निघायच्या, ताप चढउतार करायचा. इन्चार्जबाई वैतागून म्हणाल्या, "तुम्ही आल्यापासून वॉर्डात ताप वाढलाय."

"ताप आधीही होता," त्या म्हणाल्या. "मोजणारी नव्हती."

असं तीनएक महिने चाललं. त्या त्यांचं करायच्या, आम्ही आमचं करायचो. मग एकोणीस नंबरची घटना घडली.

एकोणीस नंबरच्या बेडवर एक इस्त्रीवाली होती. साठीची, अबोल, हातांवर जुन्या चटक्यांचे डाग. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते आणि उशाशी तिची सून बसून असायची. त्या दिवशी चिमटा सिस्टर दुपारभर एका पेशंटबरोबर ऑपरेशन थिएटरला होत्या. एकोणीस नंबर माझ्या वाट्याला होती आणि तिचे चारचे आकडे मी सकाळी दहालाच लिहून मोकळी झाले होते.

साडेतीनला सून ड्यूटी रूमच्या दाराशी आली. "सिस्टर, आईंना थंडी वाजतेय."

मी चार्ट बघितला. हो, खरंच बघितला. माझ्याच हाताने लिहिलेला आकडा बघून मी तिला सांगितलं, "ताप नाहीये त्यांना."

ती गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली. मी मावशींना घोंगडी द्यायला सांगितलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी आवाज चढवला, "किती वेळा सांगायचं? नॉर्मल आहे म्हणून लिहिलंय इथं." सून गप्प झाली. शिकलेल्या माणसांच्या कागदापुढे ती बिचारी काय बोलणार?

पाच वाजून दहा मिनिटांनी चिमटा सिस्टर परत आल्या. सुनेने त्यांचा हातच धरला. त्यांनी म्हातारीच्या पोटाला हात लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "धाकटी, मोठ्या डॉक्टरांना बोलाव. चालत जाऊ नकोस."

पोट लाकडासारखं कडक झालं होतं. ताप एकशे तीन, नाडी एकशे चाळीस. सहाच्या आत तिला पुन्हा टेबलावर घेतलं. आत सगळा पू झाला होता. ती वाचली, हे आधीच सांगून टाकते. सव्वीस दिवस झुंजून ती स्वतःच्या पायांनी घरी गेली. त्यात माझं काही श्रेय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्चार्जबाईंनी आम्हा सगळ्यांना ड्यूटी रूममध्ये घेतलं आणि दार लावलं. टेबलावर नवा कोरा चार्ट होता.

"मोठे डॉक्टर कागद मागणार," त्या म्हणाल्या. "बाराला नव्याण्णव, चारला एकशे एक, पुढे 'डॉक्टरांना कळवण्याचा प्रयत्न केला' असं टाकू. धाकटी, तू लिही. बाकीच्यांनी सह्या करा."

मी लिहिलं. एकीने सही केली, मग दुसरीने. पेन फिरत फिरत चिमटा सिस्टरांपाशी आलं. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला.

"चारला एकशे एक कुणी बघितला?"

"सिस्टर, आपण एका कुटुंबासारख्या राहतो," इन्चार्जबाई गोड आवाजात म्हणाल्या. "घरातलं घरात मिटवायचं असतं."

"आणि एकोणीस नंबर? ती कुणाच्या घरातली?"

"या पोरीची नोकरी जाईल. जरा तिच्याकडे बघा तरी."

त्यांनी बघितलं. "तुला काय वाटतं?" त्यांनी मला विचारलं.

मला वाटत होतं की जमीन दुभंगावी, पण तीही आमच्यातलीच असावी, जागची हलली नाही.

चिमटा सिस्टरनी वाकून केराच्या टोपलीतून जुना चार्ट काढला, तळहाताने टेबलावर सपाट केला आणि शेवटच्या चौकटीखाली लिहिलं. मला ते शब्द तोंडपाठ आहेत. "पाच वाजून दहा मिनिटांनी मी तपासले. ताप १०३, नाडी १४०. याआधीचे आकडे घेतलेले नाहीत, नुसते लिहिलेले आहेत." खाली पूर्ण नावाची सही. तो कागद त्यांनी पेशंटच्या फाइलला टाचला आणि फाइल काखेत घेतली.

"हे तुम्हाला जड जाईल," इन्चार्जबाई म्हणाल्या. आता आवाज गोड नव्हता.

"मी मुळात वजनदारच आहे. सरका, दार उघडायचंय."

फाइल मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर गेली, चौकशीचं मात्र कुणी नाव काढेना, आणि इकडे वॉर्डात त्यांना वाळीत टाकलं. चहाच्या वेळी त्यांचा कप सापडेना. दोन दिवस शोधला, तिसऱ्या दिवशी त्यांनी औषध मोजायच्या काचेच्या ग्लासात चहा ओतून घेतला आणि आमच्या मधोमध बसून प्यायल्या. "शंभर मिली," म्हणाल्या. "किती प्याले ते तरी कळतं." त्या खोलीत शिरल्या की सगळ्या बोलणं थांबवायच्या. मग त्याच बोलायला लागायच्या, अगदी एकट्या, मोठ्याने. लेकीने भूगोलाच्या पेपरात काय दिवे लावले, नवऱ्याने एका चांभाराच्या पाटीवर "येथे चपला दुरुस्त होतील" असं लिहिताना 'चपला' कशा गाळल्या आणि गिऱ्हाईक म्हणालं, राहू दे, मीच दुरुस्त होतो, बायको खूश होईल. गप्प बसायचं ठरवून बसलेल्या चार बायकांना हसू आवरणं किती अवघड असतं, ते तिथं असल्याशिवाय कळायचं नाही.

त्यांचा नवरा पाट्या रंगवायचा. सडपातळ, मितभाषी माणूस, नखांच्या कडांत कायम रंग. पुढच्याच सोमवारी त्या काखेत गाठोडं घेऊन आल्या. आत पत्र्याच्या अठ्ठावीस छोट्या पाट्या, पांढऱ्यावर निळी अक्षरं, "माझा ताप किती? माझी नाडी किती? विचारा. सांगितलंच पाहिजे." प्रत्येक बेडच्या पायथ्याशी त्यांनी एकेक अडकवली.

इन्चार्जबाईंनी बाराच्या आत सगळ्या काढायला लावल्या. पण तोपर्यंत वॉर्डाने त्या वाचल्या होत्या आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारणींनी वाचून दाखवल्या होत्या. तीन नंबरला एक निवृत्त शाळामास्तरीण होती, मांडीवरचं गळू कापलेलं. संध्याकाळी मी तिच्या पलंगाशी गेले तेव्हा तिने चष्म्यावरून बघितलं.

"माझी नाडी किती गं?"

"नॉर्मल आहे, बाई."

"नॉर्मल हा आकडा नाही, बाळ. माझ्या वर्गात याला शून्य मिळालं असतं."

मला तिचं मनगट हातात धरावं लागलं. शेजारची म्हणाली, माझंही सांग. मग तिच्या शेजारची. त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा ओळीने चौदा नाड्या मोजल्या. एकही अठ्ठ्याहत्तर निघाली नाही.

पेशंट विचारायला लागले तशी ड्यूटी रूममधली चीड वाढली. आणि मग ते जांभळं प्रकरण झालं. आम्हा सगळ्यांची लॉकर्स एका बोळात होती आणि चिमटा सिस्टरांच्या लॉकरची दुसरी किल्ली माझ्याकडे असायची, अडीअडचणीला म्हणून त्यांनीच दिलेली. एका सकाळी वरिष्ठांपैकी एकीने ती माझ्याकडे मागितली. मी दिली. कशाला हवी, ते विचारलं नाही. विचारायचं नव्हतं म्हणूनच विचारलं नाही.

तासाभराने त्या गणवेश बदलायला गेल्या. बाहेर आल्या तेव्हा आधी मावशींच्या हातून बादली पडली. पांढऱ्याशुभ्र, कडक गणवेशावर कुणीतरी जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाची अख्खी बाटली रिकामी केली होती. छातीवर, पाठीवर, टोपीवरसुद्धा. ते औषध कापडाला लागलं की जन्मात निघत नाही. आम्हाला वाटलं होतं की त्या रडतील, निदान घरी तरी जातील. त्या तोच गणवेश अंगात घालून, जांभळी टोपी नीट पिना लावून बसवून, थर्मामीटरचा पेला हातात घेऊन वॉर्डात आल्या.

"अगं बाई, सिस्टर, हे काय?" चार नंबरची ओरडली.

"रंगकाम चाललंय," त्या म्हणाल्या. "तोंड उघडा."

दहा वाजता मोठ्या डॉक्टरांचा राउंड. मागे चार शिकाऊ डॉक्टर, बाजूला इन्चार्जबाई आणि नेमक्या त्या दिवशी मेट्रनसुद्धा. मोठे डॉक्टर शब्दाला महाग माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सिस्टर, तुम्ही जांभळ्या आहात."

"हो, डॉक्टर. माझ्या लॉकरमध्ये कुणीतरी औषध ओतलं. स्टॉकमधली बाटली कमी आहे, ती रजिस्टरला कुणाच्या नावावर लिहायची तेवढं सांगा."

मेट्रन पुढे आल्या, दबक्या आवाजात म्हणाल्या, "शोभतं का हे? पेशंट बघताहेत. घरी जा, कपडे बदलून या."

"जाते की, मेट्रन. पण बाराची नाडी कोण घेणार? ती आधीच लिहून झाली असेल तर निघते."

मोठ्या डॉक्टरांनी इन्चार्जबाईंकडे हात केला. "बाराचे चार्ट बघू." सकाळचे सव्वादहा वाजले होते. बाराचं सगळं लिहून तयार होतं, माझ्या आणि आणखी एकीच्या अक्षरात. त्यांनी सात-आठ पानं चाळली. गठ्ठा स्वतःबरोबर घेऊन गेले.

चौकशी बसली. आमच्यातल्या काहीजणींनी चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा एक अर्ज तयार केला : चिमटा सिस्टर भांडखोर आहेत, सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाहीत, पेशंटना भडकवतात, गणवेश त्यांनी स्वतःच रंगवून घेतला असावा. त्यावर माझीही सही आहे. ती पुसता येत नाही, म्हणून सांगते.

माझी पाळी गुरुवारी होती. ऑफिसबाहेरच्या बाकावर मी बसले होते. आतून चिमटा सिस्टर बाहेर आल्या आणि दोन मिनिटं शेजारी टेकल्या. मला वाटलं, आता विनवणी करतील किंवा शिव्या देतील.

"घाबरलीस?"

मी मान हलवली.

"खोटं बोलायचं असेल तर नीट बोल. अडखळू नकोस. तू अडखळलीस की कान लाल होतात तुझे, बाहेरून मला हसू आवरणार नाही."

एवढं बोलून त्या उठल्या आणि बूट वाजवत निघून गेल्या. मी आत गेले. टेबलापलीकडे तिघेजण होते. मधल्याने एकोणीस नंबरचा जुना चार्ट पुढे सरकवला. "चार वाजताचा ताप तुम्ही घेतला होता?"

माझे कान तापले. मला ते जाणवलं. आणि का कोण जाणे, त्या सुनेचा चेहरा डोळ्यांसमोर आला, माझ्या कागदाकडे बघून गप्प झालेला.

"नाही," मी म्हणाले. "कुणाचाच घेतला नव्हता. लिहिला होता."

मग एकदा तोंड उघडलं ते मिटेना. थर्मामीटर, नवा चार्ट, अर्ज, किल्ली, सगळं सांगितलं. बाहेर येऊन मी त्यांना शोधलं. त्या लिनन रूममध्ये चादरी मोजत होत्या. मी रडत रडत म्हणाले, "किल्ली मीच दिली होती."

"माहीत आहे. दोघींकडेच तर होती." त्यांनी हातातल्या चादरीचं दुसरं टोक माझ्याकडे फेकलं. "धर. घडी घालायला लाग."

आता याचं पुढे काय झालं? शहाण्यासुरत्या जगात जे व्हायला हवं होतं, त्यातलं निम्मं झालं. मला लेखी ताकीद मिळाली. इन्चार्जबाईंना वॉर्डातून हलवलं आणि प्रशिक्षण विभागात नेमलं. तिथं त्या नव्या मुलींना नोंदी कशा ठेवाव्यात हे शिकवू लागल्या, मोठ्या हुद्द्यावर. आणि चिमटा सिस्टरांची बदली प्लास्टरच्या खोलीत झाली, "प्रशासकीय सोयीसाठी."

त्यांनी बदली स्वीकारली, पण दर सोमवारी, ड्यूटीच्या आधी, ऑफिसात जाऊन एक ओळीचा अर्ज द्यायच्या, "कुणाची सोय, ते लेखी कळवावे." कारकून पहिल्यांदा हसला. सहाव्या सोमवारी वैतागला. नवव्या सोमवारी तो त्यांना येताना बघून कपाटामागे लपला. त्या समोरच्या खुर्चीवर बसून राहिल्या. कपाटामागून शिंक आली.

"सर्दी आहे वाटतं," त्या म्हणाल्या. "ताप मोजू का?"

शेवटी "विशेष कारण नाही" असं सही-शिक्क्यानिशी त्यांना मिळालं. तो कागद घेऊन त्या वरच्या ऑफिसात गेल्या, तिथून आणखी वर. चौदा महिन्यांनी त्या आमच्या वॉर्डात परत आल्या. प्लास्टरने हातांची साल निघाली होती, बोलण्याची नाही.

त्या कधीच इन्चार्ज झाल्या नाहीत. तीनदा त्यांना डावलून धाकट्यांना वर चढवलं आणि तिसरी धाकटी मी होते. नेमणुकीचा कागद हातात घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले तेव्हा मला जी लाज वाटली, ती चौकशीच्या दिवशीही वाटली नव्हती.

"मी नाही म्हणून कळवते," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? मग ते कलपवालीची भाची आणतील. घे ती खुर्ची. आणि माझ्याकडून वशिल्याची अपेक्षा ठेवू नकोस."

ती त्यांनी मला कधी ठेवू दिलीच नाही. एकदा साथ आली होती, वॉर्डात बेचाळीस बायका, जमिनीवर गाद्या, आणि ड्यूटीला आम्ही दोघी. चार वाजून गेले, निम्म्या चार्टांवर काही नव्हतं. वरून तपासणी येणार असा निरोप आला. मी पेन उचललं. खरं सांगते, उचललं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"कोरं सोड."

"ताई, माझी मान जाईल." तोवर मी त्यांना ताई म्हणायला लागले होते.

"जाऊ दे. कोरं सोड आणि खाली कारण लिही. बेचाळीस पेशंट, दोन नर्स, मोजणं शक्य झालं नाही. सही कर. मीही करते."

एकवीस कोऱ्या चौकटी. वरून आलेल्या साहेबांचा पारा चढला. त्यांच्या मते नोंद नसणं हा गुन्हा होता. ताईंनी त्यांना हाताला धरून, अगदी शब्दशः मनगट धरून, वॉर्डात फिरवलं. "तुम्ही मोजा. घड्याळ आहे ना तुमच्याकडे? इथून सुरू करा." साहेबांनी पाच नाड्या मोजल्या, सहाव्या बाईने त्यांच्या बुटावर उलटी केली आणि ते परत गेले. पुढे चार महिने पत्रापत्री झाली, मला दोनदा कानउघाडणी ऐकावी लागली, आणि मग आम्हाला आणखी दोन नर्स मिळाल्या. मी त्यांची नावं हजेरीपटावर चढवली. ताई बाजूला उभ्या राहून पुटपुटल्या, "तीन हव्या होत्या."

निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोप समारंभ ठेवला होता. भाषणात त्यांना "मनमिळाऊ" म्हटलं गेलं तेव्हा मागच्या रांगेतल्या मावशींना ठसका लागला. ताई उत्तराला उठल्या, म्हणाल्या, "मी मनमिळाऊ नव्हते. तुम्ही मला सहन केलंत, मी तुम्हाला केलं. फिट्टंफाट." आणि बसल्या. बाहेर भावोजी सायकल घेऊन थांबले होते.

आता त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत. भावोजींचा हात थरथरतो, ब्रश सुटलाय, ते खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवतात. लेक परगावी असते. मीही निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. परवा त्यांचा फोन आला.

"उद्या मोकळी आहेस?"

"का हो ताई?"

"आमच्या स्टॉपवर बसवाले थांबत नाहीत. म्हातारी माणसं दिसली की वेग वाढवतात. तीन पत्रं टाकली, उत्तर नाही. उद्या सकाळी रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसणार आहे."

"अहो, ड्रायव्हरने ब्रेक नाही मारला तर?"

"मारेल. इमारतीतल्या सहाजणी येताहेत, एकीचा तर वॉकर आहे. पण त्या सगळ्या बोलायला कच्च्या. पोलीस आले तर कुणीतरी तोंडाने धड असलेली हवी."

माझे गुडघे हल्ली दुखतात. ते मी सांगितलं.

"म्हणून तर खुर्ची म्हणाले. तुझी तू आण, माझ्याकडे जास्तीची नाही. साडेनऊला ये. आणि डोक्याला काहीतरी बांध, ऊन असतं."

मी माळ्यावरून घडीची खुर्ची काढून ठेवली आहे.